सूर्याकडे तोंड करून

फोनच्या पडद्यावर मोतीरामचंच नाव होतं. अकरा वाजून गेले होते, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर चढत होतं आणि आमच्या कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत बारा कुंड्यांच्या ओळीसमोर मी एकटी उभी होते. सहा कुंड्यांत भात, सहांत नागली, म्हणजे नाचणी, एकाआड एक. साडेदहाला येतो म्हणालेला मोतीराम आला नव्हता. ऊन कोणासाठी थांबत नाही, म्हणून मी पानं तोडायला सुरुवात केली होती. सहा कुंड्या झाल्या होत्या. सातवीशी आले आणि ॲप्रनच्या खिशातला फोन वाजला. उन्हात नाव दिसेना, म्हणून कुंडीला वळसा घालून पलीकडे गेले, सूर्याकडे पाठ केली, नाव वाचलं आणि फोन उचलून आधी ओरडलेच, "अरे, आहेस कुठे? सहा कुंड्या झाल्या माझ्या. आता काय नुसती सही करायला येणार का?" पलीकडून मंगलचा, त्याच्या बायकोचा, आवाज आला. "ताई... हे बुटाची नाडी बांधता बांधता कलंडले. दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, संपलं."

पुढे ती काही सांगत होती आणि मी हं, हं म्हणत होते. फोनमधल्या नोंदीप्रमाणे आम्ही साडेचार मिनिटं बोललो. त्यातलं मला वरचं एवढंच आठवतं. त्यानंतर मी किती वेळ तशीच उभी होते, कुठे बघत होते, ते सांगता येत नाही. पण दुपारी जेव्हा भानावर आले तेव्हा द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये बाराही कुंड्यांची पानं पाकिटांत बांधून बुडवलेली होती, प्रत्येक पाकिटावर माझ्याच अक्षरात कुंडीचा क्रमांक आणि वेळ होती, आणि कॅनचं झाकण नीट बसवलेलं होतं. मित्र गेल्याचं कळल्यावर मी सहा कुंड्यांची पानं तोडली होती. याला सहा आठवडे होऊन गेले. हे नेमकं कोणी केलं, असं मी अजूनही स्वतःला विचारते.

मोतीराम भोये माझा एम.एस्सी.पासूनचा मित्र. सुरगाण्याच्या डोंगरातला. पहिल्या दिवशी वर्गात सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली, तेव्हा वनस्पतिशास्त्र का घेतलं या प्रश्नावर आम्ही बाकीच्यांनी पुस्तकी उत्तरं दिली. हा उठून म्हणाला, "आमच्याकडे खाली खाचरात भात असतो आणि वर माळावर नागली. पावसानं ताण दिला की दुपारी भाताची पानं वळतात, नागली ताठ उभी राहते. आईला विचारलं तर म्हणाली, भात दुपारी निजतो. मला तो का निजतो ते बघायचंय." वर्ग हसला. सर हसले नाहीत. हा एकच प्रश्न त्यानं पुढे तीस वर्षं सोडला नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. भाताची कापणी झाली की त्याचे आईवडील जगायला म्हणून द्राक्षाच्या बागांकडे उतरायचे आणि तो गावी आजोबांपाशी राहून शाळा करायचा. त्याबद्दल तो फार बोलत नसे. नागलीबद्दल मात्र तासन्‌तास बोलायचा.

मी मितभाषी आणि पुस्तकात डोकं घालून बसणारी. तो बोलका, आणि पुस्तकापेक्षा पानावर विश्वास ठेवणारा. मी डॉक्टरेट केली नाही, शिकवण्यात आणि वाचण्यात रमले. त्यानं केली, आणि पुढे आम्ही एकाच कॉलेजात, एकाच विभागात, समोरासमोरच्या टेबलांवर आलो. त्याला अवघड गोष्ट सोपी करून सांगायचा नाद होता. हिरव्या पानाच्या पेशीत हरितलवकं असतात, त्यांत रुबिस्को नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याची साखर करण्याचं पहिलं काम ते करतं, हे प्रत्येक पुस्तकात असतं. मोतीराम पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायचा, "रुबिस्को म्हणजे सुरगाण्याच्या स्टँडवरचा जीपवाला. माणूस इमानदार, पण लय स्लो. त्यात नजर कमजोर. कार्बनला घ्यायचं, तर त्याच्या शेजारी उभा असलेला ऑक्सिजन गाडीत बसवतो. अर्ध्या वाटेत कळतं की चुकीचं गिऱ्हाईक आहे. मग परत फिरा, त्याला उतरवा, डिझेल फुकट. आणि ऊन जितकं वाढेल तितक्या ह्याच्या चुका वाढतात." मग खडू हवेत धरून थांबायचा. "नागली हुशार. तिनं स्टँडच्या दारात दुसरंच एक विकर उभं केलंय. ते ऑक्सिजनकडे बघतसुद्धा नाही. फक्त कार्बनला धरतं आणि आत नेऊन जीपवाल्याच्या शेजारच्या सीटवर बसवतं. चुकायला जागाच नाही." एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, मग भातानं पण दारात माणूस ठेवावा की." मोतीराम म्हणाला, "तेच तर आख्खं जग करायला बघतंय बाबा. तू पास हो, मग तूही लाग कामाला."

आमच्या सुरुवातीच्या काळात द्रव नायट्रोजन मिळणं हीच मोठी गोष्ट होती. पान तोडल्याबरोबर जागच्या जागी गोठवलं नाही तर त्यातली विकरं बदलून जातात, आणि इतकं थंड करायला बर्फ पुरत नाही. तेव्हा हा नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यातून मिळायचा, कारण गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी तिथे त्याचे कॅन येत. ओळखीपाळखीनं अर्धा कॅन मिळाला की मोतीराम तो मोटारसायकलला मागे बांधून आणायचा. एकदा मीही मागच्या गाडीवर होते. दिंडोरी रस्त्यावर एका शेतकऱ्यानं हात करून त्याला थांबवलं. "डाक्टर, बरं झालं भेटले. आमची गाय माजावर हे सकाळपासून. चला की जरा." मोतीराम म्हणाला, "दादा, मी गाईचा डॉक्टर नाय. मी भातनागलीचा." तो माणूस कॅनकडे, मग त्याच्याकडे बघत राहिला. "भाताला डाक्टर? मंग नागलीची तब्येत कशी हे?" "नागली ठणठणीत. भाताचंच जरा दुखतंय." "औषध हे का काही?" "शोधतोय." "शोधा, शोधा," तो माणूस म्हणाला, "तवर गाईचं शिकून घेतलं असतं तर चार घरं तरी चालली असती." हे वाक्य मोतीरामनं पुढे कितीतरी वेळा स्वतःवरच वापरलं. संशोधनासाठीचा अर्ज नामंजूर झाला की टेबलापलीकडून म्हणायचा, "सुनंदाबाई, गाईचं शिकून घ्यायला पाहिजे होतं."

आता मला ती गोष्ट लिहिली पाहिजे जी मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही.

त्याच्या डॉक्टरेटच्या कामाचा शेवटचा हंगाम होता. वडील आजारी पडले म्हणून त्याला गावी जावं लागलं आणि नेमकी भात निसवण्याची, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याची, वेळ आली. वर्षातून एकदा येणारी ती अवस्था. चार दिवस भर दुपारी भाताची पानं तोडायची होती. त्यानं ते माझ्यावर सोपवलं. मी सगळं सांगितल्यासारखं केलं, वेळा पाळल्या, पाकिटं बांधली, नोंदी स्वच्छ अक्षरात लिहिल्या. ऊन फार होतं, म्हणून छत्री घेतली होती. परत आल्यावर त्यानं मोजणी केली. त्याच्या गावच्या भाताचं विकर दुपारी जवळजवळ झोपलेलं निघालं. इतका ठळक निकाल त्याला कधी मिळाला नव्हता. आईचं म्हणणं आकड्यांत उतरलं म्हणून तो हरखून गेला, मार्गदर्शकांना दाखवून आला, प्रकरण लिहायला बसला. तीन आठवड्यांनी ग्रंथालयात एक जाडं पुस्तक चाळताना मी एका परिच्छेदाशी थांबले. हरितलवकातली ही विकरं उजेडात जागी होतात, आणि पानावर सावली आली की काही मिनिटांतच पुन्हा मंदावू लागतात... हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्या हातातली छत्री आणि ते वाक्य माझ्या डोक्यात कधी शेजारी आलंच नव्हतं. प्रत्येक रोपापाशी मी ती छत्री धरून निवांत उभी राहिले होते. भात झोपला नव्हता. त्याला मी झोपवलं होतं.

मी पुस्तक मिटलं आणि तशीच त्याच्या खोलीवर गेले. दारातच सांगून टाकलं. त्यानं विचारलं, "छत्री कुठल्या रंगाची होती?" "काळी." "निदान फुलाफुलांची तरी आणायचीस." तो हसला नाही, मीही नाही. मग त्यानं नोंदवही काढली. मला वाटलं, पानं फाडणार. त्यानं पट्टी घेतली आणि चार दिवसांच्या प्रत्येक ओळीवर एकेक सरळ रेघ मारली, आकडे खाली वाचता येतील अशी, आणि समासात प्रत्येक ठिकाणी लिहिलं, छत्री. "असं का ठेवतोस? फाडून टाक ना," मी म्हणाले. तो म्हणाला, "आकडा दुरुस्त करायचा नसतो सुनंदा, आणि लपवायचाही नसतो. खोडायचा, आणि का खोडला ते शेजारी लिहायचं. बस." पुढच्या वर्षीच्या हंगामापर्यंत तो थांबला. पदवी वर्षभर उशिरा झाली, आणि तेवढ्यात विद्यापीठातली एक जागा, जी जवळपास त्याचीच होती, दुसऱ्या कोणाची झाली. त्यानं एका शब्दानंही मला कधी बोल लावला नाही. पण तेव्हापासून आम्ही दोघं कुठल्याही रोपापाशी उभे राहिलो की तो फक्त एकच शब्द विचारायचा... "सावली?" आणि मी पाय हलवून सूर्याकडे तोंड करायचे, म्हणजे रोप पुढे आणि सावली मागे. फेब्रुवारी असो वा ऑक्टोबर, विद्यार्थ्यांची रांग असो वा आम्ही दोघंच असू. कधीकधी मी चिडायचे. "अरे, पाच सेकंदांत काय होणारे?" "पाच सेकंदांत काही नाही होत," तो म्हणायचा, "पण पाच सेकंदांची सवय लागली की पुढे पाच मिनिटं होतात." त्याच्या बोटाला धरून चालायला शिकलेल्या मुलीसारखी मी दर वेळी पाय हलवत राहिले.

हे सगळं त्या दिवशी दवाखान्यात जाताना माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात काहीच नव्हतं. मंगल बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर त्याचा एक बूट होता, नाडी अर्धवट ओवलेला. तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला फोन करून दीड तास झाला. कुठे होतात?" खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "पानं तोडत होते." ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला कधीच माफ करणार नाही. मग ती म्हणाली, "बरं केलंत. नाहीतर त्यांनी उठून विचारलं असतं." आणि तोवर न रडलेली मंगल त्या बुटावर डोकं टेकवून रडायला लागली. संध्याकाळी त्याला गावी नेलं. वाटेत दोन्हीकडे भात पिवळा पडायला लागला होता. माळावर नागलीची कणसं तपकिरी झाली होती. तो असता तर खिडकीतून बोट दाखवून मला काहीतरी सांगत असता. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं, तरी मी दोनदा तिकडे वळले.

पंधरवडा गेला आणि मग एका भीतीनं मला गाठलं. हेमलता ही मोतीरामची शेवटची संशोधक विद्यार्थिनी. तीही सुरगाण्याकडचीच. उष्णता वाढली की भात आणि नागलीच्या हरितलवकांत नेमकं काय होतं हा तिचा विषय. मोतीराम गेला त्या दिवशी ती गावच्या शेतावर अशीच पानं तोडत होती, आणि इथल्या कुंड्या आम्ही दोघं करणार होतो. दोन्हींची तुलना हाच तिच्या प्रबंधाचा कणा. इथली पानं खराब निघाली तर तिचंही एक वर्ष जाणार होतं, आणि मोतीरामचा शेवटचा हंगाम अर्धवट राहणार होता. एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, कुंड्यांची पाकिटं दळायला घेऊ ना? सरांनी म्हटलं होतं, दिवाळीनंतर लगेच." मी हो म्हणाले. ती वळली, आणि तेव्हा माझ्या मनात आलं. सातव्या कुंडीपासून बाराव्या कुंडीपर्यंत मी कुठे उभी होते? सूर्य कुठे होता, सावली कुठे? मला काहीच, काहीच आठवत नव्हतं. पंचवीस वर्षांनी मी पुन्हा छत्री घेऊन उभी होते. आणि या वेळी जिच्या दारात जाऊन सांगायचं ती पोर होती, आणि जो रेघ मारून पुढे जायला शिकवायचा तो नव्हता.

मी तीन दिवस गप्प राहिले. हे लिहायला लाज वाटते, पण राहिले. मनाशी म्हणत होते, कोणाला कळणार आहे? पाकिटं बारा आहेत, वेळा लिहिलेल्या आहेत, अक्षर स्वच्छ आहे. तेव्हाही अक्षर स्वच्छच होतं. चौथ्या दिवशी तिला बोलावून सगळं सांगितलं, छत्रीपासून. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "छत्रीचं मला माहितीये मॅडम." मी दचकले. "सरांनी सांगितलं?" "नाही. सरांची जुनी वही वाचली होती मी. समासात छत्री लिहिलेलं होतं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, एका प्रामाणिक माणसानं येऊन सांगितलं म्हणून एक चुकीचा शोध टळला. नाव नाही सांगितलं." हेमलताच पुढे म्हणाली, "मॅडम, पान आपल्याला सांगेल की. कशाला आपण आठवत बसायचं?"

ते खरं होतं. गोठवलेल्या पानात विकर तोडण्याच्या क्षणी जसं होतं तसंच थांबलेलं असतं. थंड द्रावणात पान कुटून लगेच मोजलं की तेव्हा त्यातलं किती जागं होतं ते कळतं. मग त्याच नमुन्यातलं सगळं विकर मुद्दाम जागं करून पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांची तुलना केली की पान उजेडात तोडलं की सावलीत, ते लपत नाही. मागच्या आठवड्यात आम्ही दोघींनी ते केलं. थंड खोलीत, स्वेटर घालून, बर्फात ठेवलेल्या खलात एकेक पाकीट. ही पानं त्यानं वाढवलेली होती. पेरणी त्याची, रोज सकाळचं पाणी त्याचं, बाराही कुंड्यांवरची रंगानं लिहिलेली अक्षरं त्याची. हेमलता आकडे वाचत होती, मी वहीत लिहीत होते. एक ते सहा, उत्तम. भर उन्हातलं पान जितकं जागं असावं तितकं. मग सात. हेमलता थांबली, पुन्हा मोजलं, आकडा सांगितला. निम्माही नव्हता. माझा पेन तिथेच राहिला. आता पुढच्या पाचही तशाच निघणार, असं मी धरून चालले. "आठ," ती म्हणाली, आणि आकडा सांगितला. मी मान वर केली. "परत मोज." तिनं परत मोजलं. तोच आकडा. नववी. दहावी. अकरावी. बारावी. भात काय, नागली काय, सगळी टक्क जागी.

मला समजायला जरा वेळ लागला. नाव वाचण्यासाठी मी सातव्या कुंडीच्या पलीकडे गेले होते आणि सूर्याकडे पाठ केली होती. मंगल बोलत होती तेवढा वेळ, आणि त्यानंतर मी दगडासारखी उभी होते तेवढा वेळ, त्या भाताच्या पानांवर माझी सावली होती. मग ती पानं तोडून मी आठव्या कुंडीकडे गेले. तेव्हा मला माझं नावही सांगता आलं नसतं. तरीही कोणीतरी "सावली?" असं विचारलं असणार. कारण पाय हलले होते. सहा कुंड्यांपैकी पाच कुंड्यांपाशी मी सूर्याकडे तोंड करून उभी होते.

"मॅडम, सात काढून टाकायची ना? अकरांवर काम भागतं," हेमलतानं हळूच विचारलं. मी मोतीरामच्या टेबलावरची पट्टी मागितली. त्याचं टेबल आम्ही अजून आवरलेलं नाही. पट्टी, दोन पेन्सिली आणि नागलीचं एक वाळलेलं कणीस तिथे तसंच आहे. सातव्या ओळीवर मी एक सरळ रेघ मारली, आकडा खाली वाचता येईल अशी. "समासात काय लिहायचं?" हेमलतानं विचारलं. मी पेन घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं... फोन.

आठव्या ओळीपासून पुढे समासात काही लिहावं लागलं नाही.